‘न आलेलं’ नावाची ओळ

आमच्या घरी पत्रक छापायला जाण्याआधी त्याची परीक्षा व्हायची. आबा, म्हणजे माझे वडील, हाताने लिहिलेला मजकूर घेऊन शेजारच्या दारात जायचे. तिथे माझी चुलती राहते. ती शाळेत कधी गेली नाही. धारूरच्या डोंगराला खडी फोडण्यात तिची उमर गेली. आबा उंबऱ्यावर बसून मजकूर एकदाच वाचायचे, सावकाश, आणि म्हणायचे, "आता तुम्ही सांगा, वहिनी." ती हातातलं काम न थांबवता सांगायची. तिने जे गाळलं ते आबा खोडून टाकायचे. तिने जे स्वतःच्या शब्दांत सांगितलं ते जसंच्या तसं मजकुरात घ्यायचे. मग कागद प्रेसमध्ये जायचा.

गुलाबी आणि पिवळ्या पातळ कागदावरची ती पत्रकं म्हणजे माझी पहिली पुस्तकं. आबा शाळेत शिपाई होते. घंटा देऊन झाली की उरलेल्या वेळात ते वस्तीच्या नळासाठी, वाचनालयासाठी, कुणाच्या अडवलेल्या दाखल्यासाठी पत्रकं लिहीत. चौथीत असताना मी हट्ट करून नळाच्या पत्रकात एक वाक्य घातलं. वर्तमानपत्रातून उचललं होतं: "प्रशासनाच्या अक्षम्य अनास्थेचा आम्ही तीव्र शब्दांत निषेध करतो." लिहून झाल्यावर मी दिवसभर ते मनातल्या मनात म्हणत फिरले. चुलतीने सगळं बरोबर सांगितलं: नळ कधीपासून कोरडा आहे, अर्ज कुणाकडे दिला, कुठल्या दिवशी सगळ्यांनी जमायचं. माझ्या वाक्यापाशी आली आणि भाकरी उलटत म्हणाली, "आन् भाऊजी, मधी कुणीतरी कुणावर तरी चिडलंय. कावून ते काय कळंना."

आबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पेन्सिल फिरवली, वाक्य गेलं. मी दोन दिवस चुलतीशी बोलले नाही.

हे सगळं सांगायचं कारण, मोठी होऊन मी ज्या कामात पडले त्याचा आणि पत्रकांचा काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी सॉफ्टवेअर लिहिते. बीडला बसस्टँडच्या मागे, टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. कंपनी पुण्याची, आम्ही तिची छोटी शाखा. आमचं काम लसींच्या फ्रीजचं. गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांत लसी ठेवायचे फ्रीज असतात. त्या फ्रीजला आमची एक पेटी लावलेली असते. पेटी तापमान मोजते आणि मोबाइलच्या सिमवरून आमच्याकडे पाठवते. तापमान बिघडलं की तिथल्या नर्सबाईंना निरोप जातो. लस खराब झाली तरी डोळ्यांना दिसत नाही, आणि ती टोचली जाते तान्ह्या बाळाला. म्हणून हे काम चुकवून चालत नाही.

ते चुकू नये म्हणून पुण्याच्या मुख्य सरांनी एक भाषा लावली होती. सॉफ्टवेअरने नेमकं कसं वागायचं याचा जो लेखी करार असतो, त्याला आमच्यात स्पेसिफिकेशन म्हणतात. हा करार सर साध्या वाक्यांत लिहीत नसत. त्यासाठी गणितासारखी एक खास भाषा असते. उलटे टांगलेले ए, उलटे ई, बाण, कंसात कंस. या भाषेत लिहिलेलं मशीनला तपासता येतं, दोन नियम एकमेकांना कापत असतील तर मशीन सांगतं. हा मोठा फायदा, आणि तो मी नाकारत नाही. पण ती भाषा शिकवणारं पुस्तक उशीसारखं जाड होतं आणि आमच्यापैकी कुणीही त्याची पहिली वीस पानं ओलांडली नव्हती.

माझ्या शेजारी दिंद्रुडचा एक जण बसतो. हुशार, तोंडाने तिखट. पहिल्याच दिवशी त्याने स्क्रीनलाच विचारलं होतं, "हे ए कावून उलटं टांगलंय बे? काय गुन्हा केलता त्यानं?"

हसण्यावारी गेलं, पण खरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. पुण्याहून स्पेसिफिकेशन यायचं. आम्ही ते उघडायचो, वरून खाली बघायचो, आणि एकमेकांना विचारायचो, "कळलं ना?" "कळलं." शाळेत बाईंनी "कळलं का?" विचारलं की साठ पोरांनी एका सुरात "हो" म्हणायचं, ही आमची लहानपणापासूनची सवय. न कळणं म्हणजे घराण्याची अब्रू जाणं. मग ज्याने त्याने अंदाजाने प्रोग्राम लिहायचा. एकदा असंच झालं. फ्रीजचं दार बराच वेळ उघडं राहिलं तर निरोप जावा, असा करार होता. त्यातला ‘बराच वेळ’ कुठल्याशा कंसात होता. आमच्या प्रोग्रामने दार उघडताक्षणी निरोप पाठवायला सुरुवात केली. दोन दिवसांनी एका नर्सबाईंचा फोन आला. शांतपणे म्हणाल्या, "मला एवढंच सांगा, हा फ्रीज उघडायचाच नसतो का?"

त्यानंतर पुण्याहून पत्र आलं. पुढच्या महिन्यापासून बीडच्या शाखेने फक्त फोन घ्यायचे आणि तक्रारी नोंदवायच्या. प्रोग्राम लिहिण्याचं काम पुण्यात होईल. आणि त्याच आठवड्यात कुरिअरने एक खोकं आलं, फोनवर बोलायला कानाला लावायचा हेडसेट. त्यावर जिचं नाव होतं ती आमच्यातली सगळ्यात चांगली प्रोग्राम लिहिणारी होती.

ती चकलांब्याची. मेंढपाळांच्या घरातली, त्या घरातून पहिल्यांदा कॉलेजात गेलेली. बोलते कमी. दुसरे तीन दिवस डोकं धरून बसतील अशी चूक ती चहा येईपर्यंत शोधते. पण ती भाषा तिलाही येत नव्हती, आणि तिने तसं एकदा पुण्याच्या मीटिंगमध्ये सरळ सांगितलं होतं: "सर, मला हे वाचता येत न्हाई." आमच्यात खरं बोलणारी ती एकटी, म्हणून खोकं तिच्या नावाचं. तिने ते उघडलं नाही. टेबलाच्या कडेला ठेवलं आणि कामाला लागली. दुपारी डबा खाताना म्हणाली, "ताई, फोन घ्यायला बीडात राहू म्हणलं तर घरचे म्हणतेल, फोन काय इथं बी घेता येतोय. मग संपलंच." तिने लोणच्याची फोड माझ्या डब्यात ठेवली.

माझा स्वभाव असा की असं काही ऐकलं की माझे हात शिवशिवतात. मी मेल लिहिला. त्यात लिहिलं की जी भाषा वापरणाऱ्याला वाचता येत नाही, ती भाषा सदोष आहे, वापरणारा नाही. करार एकाच बाजूला कळत असेल तर त्याला करार म्हणत नाहीत, हुकूम म्हणतात. कंपनीतल्या सगळ्यांना पाठवला.

दिंद्रुडच्याने वाचला आणि खुर्ची फिरवली. "मेल न्हाई लिवला तुमी. मोर्चा काढलाय. आता बाजूनं घोषणा द्यायच्या तेवढ्या राहिल्यात."

सरांचं उत्तर चार ओळींचं होतं. "राग समजला. पण मला अचूक भाषा हवी, सोपी नव्हे. दोन्ही जमत असेल तर करून दाखवा. तीन आठवड्यांनी मी बीडला येतो."

हे उत्तर मला आवडलं, हे तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही.

आम्ही कामाला लागलो. पहिल्यांदा पुण्याहून आजवर आलेले सगळे करार काढले आणि कुठली चिन्हं खरोखर किती वेळा वापरली आहेत ते बघितलं. जाड पुस्तकातली बहुतेक चिन्हं कुठेच नव्हती. लग्नात आलेल्या भांड्यांसारखी, माळ्यावर नुसती ठेवलेली. सगळं काम मूठभर चिन्हांवर चाललं होतं. मी त्या चिन्हांच्या जागी शब्द ठेवले: जेव्हा, तेव्हा, कायम, कधीच नाही. एका नियमाला एकच वाक्य. वाक्यात येणाऱ्या प्रत्येक वस्तूची वर आधी ओळख करून द्यायची: पेटी म्हणजे काय, निरोप म्हणजे काय. उदाहरणार्थ: "जेव्हा तापमान आठच्या वर जातं आणि दहा मिनिटं वरच राहतं, तेव्हा नर्सबाईंना निरोप जातो." जुन्या भाषेत याला अकरा ओळी लागल्या होत्या.

मशीनची तपासणी सोडायची नव्हती, म्हणून आमच्या वाक्यांचं जुन्या भाषेत आपोआप रूपांतर करणारा प्रोग्राम हवा होता. तो दिंद्रुडच्याने घेतला. रोज कुरकुरायचा, "मला ती भाषा वाचता येत न्हाई आन् मी तिच्यात लिवणारं यंत्र करतोय. म्हणजे आंधळ्यानं चष्म्याचं दुकान काढलं." पण त्याने जाड पुस्तक पुन्हा उघडलं आणि लागेल तेवढं वाचून काढलं.

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस माझ्या हातात सोप्या भाषेतला पहिला पूर्ण करार होता. मला तो फार सुंदर वाटत होता. चकलांब्याच्या तिला मी समोर बसवलं, एकदाच वाचून दाखवला, सावकाश, आणि म्हणाले, "आता तू सांग."

तिने सगळं सांगितलं. तापमान, दार, बॅटरी, निरोप. एकही नियम गाळला नाही. मी खुर्चीत मागे टेकले. तेवढ्यात तिने विचारलं, "आन् ताई, काहीच आलं न्हाई तर?"

"काय काहीच?"

"पेटीकडून. लाइट गेली, बॅटरी उतरली, पेटी गप बसली. तापमान आठच्या वर गेलं का न्हाई ते कोण सांगणार? स्क्रीनवर सकाळचा चांगला आकडा तसाच हिरवा दिसत राहणार. आत लस शिजतीय."

मी म्हणाले, हे मूळ करारातच नाही. ती म्हणाली, बघू. आम्ही जुना करार काढला आणि दिंद्रुडच्याला बसवून एकेक चिन्ह वाचून घेतलं. होतं. शेवटच्या पानावर, एका चिन्हाच्या आधाराने, एकदाच. ते चिन्ह सगळ्या करारांत एवढ्या एकाच ठिकाणी आलं होतं, आणि एकदा आलेलं काय उपयोगाचं, म्हणून मी ते काढून टाकलं होतं.

त्या दिवशी घरी जाताना अचूकपणाबद्दलचं सरांचं म्हणणं मला पहिल्यांदा पटलं. आणि माझी चूक कुठून आली तेही कळलं. मी पत्रकांवर वाढलेली. पत्रकात काय झालं पाहिजे ते असतं. पाणी आलंच पाहिजे, दाखला मिळालाच पाहिजे. मोर्चाला कुणी आलंच नाही तर काय करायचं, हे पत्रकात लिहिलेलं मी कधी वाचलं नव्हतं. माझी सगळी वाक्यं काहीतरी घडल्यावर सुरू होत होती. न घडण्याला माझ्या भाषेत जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, तुला हे एकदम कसं सुचलं.

"सुचायचं काय त्यात," ती म्हणाली. "दिवस मावळता मेंढरं जाळीच्या वाड्यात घेत्यात तवा आमचे अण्णा तोंडाशी उभे राहतेत. आत आलेल्याकडं बघतच न्हाईत. आली ती दिसत्यातच. न आलेली बघायची असती. कुठली लंगडी, कुठली गाभण, कुठली मागं राहणारी, ते त्यांच्या डोक्यात असतंय. ती दिसली न्हाई की माघारी निघाले."

मी तिचं बोलणं वहीत लिहिलं. खोडत खोडत दोनच शब्द ठेवले. मग आमच्या भाषेत पाचवी गोष्ट आली. प्रत्येक नियमाखाली एक ओळ सक्तीची: ‘न आलेलं’. ज्याची वाट बघत होतो ते आलंच नाही तर काय करायचं, ते तिथे लिहायचं. ओळ रिकामी ठेवली तर दिंद्रुडच्याचं यंत्र नियम घ्यायलाच नकार देणार.

त्या रविवारी मी धारूरला गेले. नव्या भाषेची माहितीपुस्तिका, चार पानांची, बरोबर नेली. आबांनी चष्मा लावला आणि ती घेऊन शेजारच्या दारात गेले. चुलती आता थकली आहे, लसूण सोलत बसली होती. आबांनी एकदाच वाचलं. "आता तुम्ही सांगा, वहिनी."

"फिरीज गरम झाला तर नर्सबाईला सांगा," ती म्हणाली. "फिरीज गप बसला तरी सांगा. गप बसणारा जास्त वंगाळ. आन् प्रत्येक गोष्टीला, न्हाई झालं तर काय, ते आधीच ठरवून ठिवा. एवढंच की."

एवढंच होतं. फक्त सुरुवातीला मी एक वाक्य घातलं होतं: "दुर्बोध भाषा हे वर्चस्वाचं सर्वांत जुनं हत्यार आहे." त्याबद्दल ती काहीच बोलली नाही. आबांनी खिशातून पेन्सिल काढली. या वेळी मी तिच्याशी अबोला धरला नाही. लसूण सोलायला बसले.

सर ठरल्याप्रमाणे आले. उंच, किरकोळ, आवाज खाली ठेवून बोलणारे. पंख्याखालची खुर्ची दिली तर घेतली नाही, प्लास्टिकची घेतली. त्यांनी बरोबर एक कागदांचा गठ्ठा आणला होता: निरोप कसा पाठवायचा या विभागाचा नवा करार, जुन्या भाषेत लिहिलेला, आम्ही कुणी न पाहिलेला. म्हणाले, "तीन आठवड्यांत तुम्ही नेहमीचे नियम पाठ केले असतील. हा घ्या. तुमच्या भाषेत आणा आणि मला तोंडी सांगा. मी मूळ प्रतीशी ताडून बघतो." आणि त्यांनी गठ्ठा माझ्याकडे न देता तिच्याकडे दिला. खोक्यावरचं नाव त्यांना माहीत होतं.

कुठल्या चिन्हाला कुठला शब्द, याचा आम्ही तक्ता बनवला होता; त्यावर चिन्हामागून चिन्ह लावत आणि नियम यंत्रात भरत ती दोन तास बसली. त्या दोन तासांत मी चार वेळा पाणी प्यायले. मग ती उठली, कागद उलटा ठेवला आणि सांगायला लागली. सर मूळ प्रतीवर बोट फिरवत होते. पहिला नियम बरोबर. दुसरा बरोबर. तिसऱ्याला ती थांबली.

सरांनी वाट बघितली. मी तिच्या टेबलाकडे बघत होते. कडेला ते खोकं होतं, अजून चिकटपट्टीसकट.

"विसरलात का?" सरांनी विचारलं. आवाजात कुचकेपणा नव्हता.

"न्हाई सर. यंत्र हा नियम घेईना. ‘न आलेलं’ची ओळ रिकामी हाय. तुमच्या कागदात तिथं भरायला काहीच न्हाई."

"काय नाही?"

"जेव्हा तापमान वर जातं, तेव्हा निरोप जातो. गेला. पर पोचला का? समजा बाईंची बदली झाली. नंबर जुनाच राहिला. बाई तिकडं लातूरला, फ्रीज इकडं. निरोप लातूरला वाजतोय."

सरांनी मागची दोन पानं चाळली, पुढची दोन चाळली. "निरोप गेला म्हणजे काम झालं, असं धरलंय इथे."

"कुणी धरलंय, सर?"

तिने हे साधेपणानेच विचारलं होतं, तिला खरंच माहीत नव्हतं. दिंद्रुडच्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. सरांनी कागद मांडीवर ठेवला, चहाचा कप उचलला, तो रिकामा होता, परत ठेवला.

"मी," ते म्हणाले. "माझ्याकडून राहिलं."

मला वाटलं होतं की अशा क्षणी मला जिंकल्यासारखं वाटेल. तसं झालं नाही. मला त्या माणसाबद्दल आदर वाटला, आणि तिच्याबद्दल जे वाटलं त्याला अभिमान हाच शब्द आहे, दुसरा नाही. आमच्या टायरच्या दुकानावरच्या खोलीतून, आमच्या चार शब्दांनी आणि एका मेंढपाळाच्या सवयीने, त्या जाड पुस्तकाला सापडलं नव्हतं ते सापडलं होतं. मशीन दोन नियमांचं भांडण पकडतं. जो नियम लिहिलाच नाही तो पकडायला ती ओळ लागली.

सरांनी तिथेच बसून ती ओळ भरली. तिच्याकडून विचारून, आमच्या भाषेत: "न आलेलं: जेव्हा पंधरा मिनिटांत निरोप मिळाल्याची पोच येत नाही, तेव्हा वरच्या डॉक्टरांना निरोप जातो." मग यंत्राने नियम घेतला. जाताना त्यांनी चार पानांची पुस्तिका मागितली आणि जिन्यात उभ्या उभ्याच वाचली.

प्रोग्रामचं काम बीडलाच राहिलं. महिन्याभराने पुण्याच्या लोकांनी ही भाषा शिकायची असं ठरलं, आणि शिकवायचं कुणी याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

शिकवणीच्या पहिल्या सकाळी ती लवकर आली होती. टेबलाच्या कडेचं खोकं पुढे ओढलं, डब्यातल्या चमच्याने चिकटपट्टी कापली आणि हेडसेट कानाला लावला. दिंद्रुडचा म्हणाला, "शेवटी घेतलाच का फोन?" तिने त्याला हातानेच गप बस म्हणून सांगितलं. स्क्रीनवर पुण्याची माणसं एकेक करून दिसायला लागली, सर शेवटच्या चौकोनात. तिने पहिला नियम वाचून दाखवला. एकदाच, सावकाश.

"कळलं," पुण्याहून दोघे-तिघे एका सुरात म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. "आता तुमी सांगा."